त्यांचं आडनाव, आपल्या घरचं नाव

अमरावती,
दिवाळीआधीचा रविवार

प्रिय राबिन,

आत्याचा जयभीम घे. हे पत्र सुटीवरून तुझ्याकडं कामावर परतणाऱ्या संघपालच्या हाती पाठवते आहे. तू फोन उचलत नाहीस, मी बोलून पाठवलेलं ऐकत नाहीस, तेव्हा शेवटी कागद घेऊन बसले. संघपालला बजावलं आहे, नुसतं हातात कोंबून पळू नको, त्याचं वाचून होईपर्यंत समोर ठाण मांडून बस. तो म्हणे, "अन् त्यानं न वाचताच फाडलं तं, आत्याबाई?" मी म्हटलं, "फाडू दे. दुसरं लिहीन." भज्यांच्या पुड्या बांधण्यात जिची हयात गेली तिला कागदाचं काय भेव?

नितेशला जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. वर्षभरात तू मला एकदा फोन केलास, तोही त्याच दिवशी संध्याकाळी. "आत्या" एवढंच म्हणालास आणि पुढं नुसता तुझा श्वास ऐकू येत राहिला. मग फोन बंद झाला, तो माझ्यापुरता आजवर बंदच. त्या देशानं माझं पोर पेटीत घालून पाठवलं. तू तिथं जिता आहेस, पण तुझंही काही खरं नाही असं मला सांगणारे भेटतात. राबिन, मला आणखी पेटी नको आहे. तू तुझ्या पायांनी चालत घरी यावास, एवढ्या एका गोष्टीसाठी हे लिहिणं आहे. लांबण लागेल, पण तुझ्या आत्याला थोडक्यात बोलता कधी आलं?

आधी घरचं सांगते. तुझ्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन मे महिन्यात झालं. मी अकोल्याला जाऊन राहिले होते. उन्हाळ्यातलं अकोला म्हणजे तापलेला तवा, भाकर नुसती अंगणात ठेवावी आणि शेकून घ्यावी. किसन डोळ्यावर हिरवं फडकं घेऊन बाजेवर बसलेला, आणि येईल त्याला एकच सवाल, "मले एक सांगा, नितेश वर काहून चढला?" जन्मभर मिस्त्रीकाम केलेला माणूस तो, त्याला कोण काय सांगणार? नितेश खालचा कारागीर. सळई कापायची, वाकवायची, वर पाठवायची. वरच्या मजल्याच्या काठावर उभं राहून ती बांधणारा तू. लहानपणी तुम्हा दोघांना चिखलदऱ्याला नेलं होतं तेव्हा तू कठड्यावर बसून पाय हलवत होतास आणि आमचं ध्यान दरीकडं पाठ करून पोळी खात होतं. वहिनी त्याला म्हणाली होती, "पाहून तं घे रे," तर म्हणे, "मामी, मी घरी जाऊन फोटोत पाहतो." असं पोर तितक्या उंचावर कशाला गेलं? किसन विचारतो, वहिनी विचारते, वस्तीतले विचारतात. मी कोणाला कधी विचारलं नाही.

पियूचं लग्न ठरलं हे तुला ठाऊकच आहे. फक्त तिचाच फोन उचलतोस ना. मुलगा चांदूर रेल्वेचा, सरळ आहे, कान जरा मोठे आहेत. पियू म्हणते, "बरं हाय ना आत्या, माहं ऐकून तं घेईन." हसवते खूप, पण त्या दिवशी गाडीवर आली आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसून रडायला लागली. गिऱ्हाईक उभं, कढईत भजी, आणि ही रडते आहे. दादा लग्नाला येत नाही म्हणतो. बरं, तेवढंच नाही. दादा नाव बदलून घेणार आहे, राजपत्रात छापून, कायद्यानं. "मी म्हटलं काय ठेवशीन, तं म्हणे कोणतंही चालते. रवी ठेवीन, राजू ठेवीन, पण हे नको." तिनं मला विचारलं, "आत्या, तुले राग आला?" मी गिऱ्हाइकाला म्हटलं, भाऊ, थांबा, हा घाणा जळला, दुसरा काढून देते.

नाव ठेवायला आत्या आणि नावं ठेवायला सारं गाव, अशी आपल्याकडची रीत. स्वतःच्या लेकराचं नाव बाईच्या हातात नसतं. नितेशचं नाव माझी नणंद माणिकबाई हिनं ठेवलं. तिला यवतमाळच्या एसटीत एका कंडक्टरच्या छातीवर ते दिसलं, कंडक्टर दिसायला बरा होता, झालं. मला ते काही फार पसंत नव्हतं, पण हक्क तिचा. माझ्या वाट्याला तू आलास. किसनला दोन मुली होऊन गेल्या नि राहिल्या नाहीत, त्यानंतरचा तू. त्या हिवाळ्यात मी ठरवलं होतं, ह्या पोराला असं नाव देईन की कोणाच्या घरात नसेल.

मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती इर्विन चौकात, गाडीवर. रद्दी किलोनं यायची, पुडी बांधताना एकेक अक्षर ओळखायचं, अडलं की गिऱ्हाइकाला विचारायचं. समोर पाटीवर "इर्विन" लिहिलेलं. मी किती जणांना विचारलं, हा इर्विन कोण हो? कोणी म्हणे डॉक्टर होता, कोणी म्हणे गोरा साहेब, एक जण म्हणाला औषधाचं नाव आहे. पण रिक्षावाल्याला "इर्विन" म्हटलं की तो बरोबर इथं आणून सोडतो. कुठल्या विलायती लाटसाहेबाचं आडनाव, तिथं आपल्या बाबासाहेबांचा पुतळा उभा, आणि चौदा एप्रिलला पाय ठेवायला जागा नाही. माणूस मरून जातो, त्याचं आडनाव कुठल्या कुठं जाऊन संसार थाटतं.

तर तुझ्या नामविधीच्या आधी रद्दीत एक पान हाती लागलं. बातमी जुनी झालेली, एका कोपऱ्याला तेल लागलेलं, मधोमध पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याचा फोटो. चेहरा असा, जणू आताच कोणाला पोचवून आला आहे. मी अक्षराला अक्षर जोडत बसले. जन्मभर सैनिक होता, लढाया मारल्या, मग त्याच्या देशाचा पंतप्रधान झाला, आणि म्हातारपणी म्हणाला, आता पुरे. ज्यांच्याशी लढला त्यांचाच हात हातात घेतला. मग शांततेसाठी भरलेल्या सभेतून परतताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या, आणि झाडणारा परका नव्हता, त्याच्याच लोकांतला. पुढं मी त्याच्याबद्दल बरंवाईट दोन्ही वाचलं. ज्यांची घरं त्याच्या लढायांत गेली ते त्याला कशाला चांगला म्हणतील? पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की ज्याला हात उगारता येत होता त्यानं तो पुढं केला. ते पान मी पुडीला वापरलं नाही. कोणाला न विचारता, डोक्यापासून पायापर्यंत वाचलेली माझ्या जन्मातली ती पहिली बातमी. पूर्ण नाव काही जिभेवर बसेना. आडनाव मात्र बसलं.

नामविधीला भन्तेजींनी विचारलं, "आत्याबाई, नाव?" मी म्हटलं, "राबिन." तुझा बाप म्हणाला, "इंदे, हे काय काढलं वं? पोरगं मोठं होऊन राबीन, राबीन करत फिरीन का?" झालं, मांडवभर हशा. मी उभी राहिले. म्हटलं, "राबन तं राबन, मान वर करून राबन. आपल्या आज्याचं नाव काय होतं रे किसन? उकंडा. कोणी ठेवलं? गावानं. आता मी ठेवून राहिली, अन् मले वाटते तेच ठेवीन." भन्तेजी हसले आणि तेच लागलं. शाळेत घालायला गेले तर खुशालराव मास्तर चष्म्यावरून पाहू लागले. "बाई, हे आडनाव आहे हो. आडनावाचं कोणी नाव करते का?" मी म्हटलं, "गुरुजी, आमचं आडनाव ऐकलं की लोक ठरवतात, पाण्याचा गिलास पुढं करावा का मागं घ्यावा. ह्या आडनावावरून इकडं कोणाला काहीच ठरवता येणार नाही. राहू द्या." मास्तर भला माणूस. त्यांनी लिहून घेतलं.

पोरांनी छळलं तुला, मला माहीत आहे. मोठेपणी कोणी ख्रिस्ती समजलं, कोणी बंगाली. तू एकदा चिडून मला म्हणाला होतास, "आत्या, तुले सिद्धार्थ नाई सुचलं?" पण मग तूच त्या म्हाताऱ्याबद्दल वाचायला लागलास, आणि त्याच्याच देशात बांधकामावर जायच्या भरतीची जाहिरात आली तेव्हा नितेशनं ती तुझ्यासमोर नाचवली. "दादा, तुह्या गावाले चाल."

त्या परीक्षेची गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस. मला सांगितली ती नितेशनं, आणि एकदा नाही, येईल त्याच्यासमोर, दोन्ही पार्ट स्वतः करून. सळई बांधून दाखवायची होती. तिकडच्या साहेबानं इंग्रजी कागद वाचला, तुझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "हे तुझं नाव?" तू म्हणालास, "हो सर. आत्यानं ठेवलं." तो खुर्चीवरून उठला आणि त्यानं तुझा हात हातात घेतला. तुझ्या मागं रांगेत हा आमचा. साहेबानं ह्याचं नाव वाचलं, खुर्चीवर बसूनच, आणि म्हणाला, "नेक्स्ट." नितेश ते करून दाखवायचा आणि मला चिडवायचा, "पाह्य माये, भावाच्या पोराले राजाचं नाव, अन् मले कंडक्टरचं!" पण त्याला तुझा हेवा नव्हता रे. तुझ्या नावाची त्याला मोठी गंमत होती. गाव सोडून गेलेल्या माणसाला गावचा कुत्रा दिसावा तसा तो त्या नावाला पाहून खूश व्हायचा.

तिकडून पहिल्या महिन्यांत तू किती बोलायचास. "आत्या, इथं नाव सांगितलं का एक जण चहा पाजते अन् दुसरा तोंड फिरवते." बेकरीवाली म्हातारी तुझा हात धरून रडली होती, आणि मग नितेशही तुझ्या नावावर पाव खाऊन यायचा. उलट एका ड्रायव्हरनं तुला सांगितलं, हे कार्ड गळ्यात नको घालू, खिशात ठेव. भांडणं नकोत म्हणून मुकादमानं तुझं "रवी" करून टाकलं. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, बाबू, ह्यात नवं काय? चहा पाजणारा नि तोंड फिरवणारा आपल्या अमरावतीतही आहे. आपण त्याची सवय घेऊनच जन्मतो. तू हसला होतास. ते तुझं हसणं माझ्या फोनमध्ये आहे अजून.

मग नोव्हेंबर आला. पेटी नागपूरला उतरली. संघपाल सोबत होता, तू नव्हतास. उघडू नका म्हणाले, वस्तीतल्या पुरुषांनीही मला धरलं. मी म्हटलं, तोंड दाखवू नका, पाय दाखवा. नितेशची बोटं त्याच्या बापासारखी, अंगठ्याहून शेजारचं बोट लांब. पाहिले. माझाच होता. पाय स्वच्छ धुतलेले होते, त्याच्या जन्मात ते इतके स्वच्छ कधी नव्हते. तिकडून कळवलं होतं, वरून पडला, कमरेचा पट्टा अडकवलेला नव्हता, त्याचीच चूक. लोक कुजबुजले, मामेभाऊ असून मातीला आला नाही. मी सांगितलं, सुटी मिळाली नसेल. दोन-चार बायांनी तोंड वाकडं केलं. मी त्यांना चहा दिला.

आता संघपाल सुटीवर आला, तो पहिल्या दिवशीच माझ्याकडं. ओट्यावर बसला. चहावर साय धरली तरी कप उचलेना. म्हटलं, ओक बापा, काय आहे ते. तेव्हा म्हणाला, "आत्याबाई, सांगू का नको समजून नाई राहिलं. राबिनभाऊ वर पट्टा लावत नाई. म्हणजे कमरेले बांधते, मुकादमाले दिसलं पाहिजे म्हणून. पण आकडा अडकवत नाई. मी दोनदा पाह्यलं." आणि जूनमध्ये जेव्हा रॉकेटं पडत होती, भोंगा वाजला की सगळे खालच्या खोलीत पळायचे, तेव्हा तू जिन्यावर बसून राहायचास. संघपालनं तुला ओढलं तर म्हणालास, "राहू दे बे. माह्या वाट्याचं होऊन जाऊ दे." संघपाल सांगताना रडत होता. मी रडले नाही. मला इतका राग आला की त्याच्या हातातला कप मीच घेऊन पिऊन टाकला.

राबिन, खरं ते लिहिते. नितेश गेल्यावर पुष्कळ दिवस तुझं नाव माझ्या तोंडातून निघत नव्हतं. किसनच्या पोराचा काही फोन? असं विचारायची. पियू एकदा दचकून म्हणाली, "आत्या, दादाले नाव हाय ना?" भाजी चिरताना मनात यायचं, ते पान पुडीला वापरलं असतं, त्यात पावशेर भजी बांधून कोणा गिऱ्हाइकाच्या हातात दिली असती, आणि तुझं नाव संतोष ठेवलं असतं, तर कोणाचं काय गेलं असतं? दिवसभर हेच. इर्विन चौकातली पाटी वाचायचाही मला वीट आला होता. माणसाचं दुःख फार लबाड असतं बाबू, त्याला बसायला कोणाचं तरी डोकं लागतं, आणि कोणाचं सापडलं नाही तर ते नावाच्या डोक्यावर जाऊन बसतं.

मग एकदा गाडीवर एक बाई आली. कडेवर लेकरू. लेकरू भज्यासाठी हट्ट करत होतं, आणि ती त्याला हाका मारत होती, "नितेश, ओ नितेश, गरम हाय, भाजन." मी बेसन कालवता कालवता थांबले. वाटलं, ही बाई आता रोज इथं यावी. रोज तिनं हे नाव घ्यावं. त्या दिवसापासून मी तुझं नाव पुन्हा घ्यायला लागले. आधी भिंतीपाशी, मग पियूपाशी, मग सगळ्यांत. तुला ते बदलायचं असेल तर बदल. नाव काही गोंदण नाही, आणि मी देऊन परत मागणारी बाई नाही. रवी हो, राजू हो, मी हाक मारीन. पण ज्या कारणानं बदलतो आहेस ते कारण खोटं आहे, आणि ते तुला माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही.

म्हणून आता ते सांगते. त्या दिवशी सकाळी नितेशनं मला फोन केला होता. हे मी किसनलाही सांगितलं नाही, कोणालाच नाही. जिना चढत होता, दम लागलेला. "माये, आज लय मजा झाली. बेकरीवाल्या बुढीनं दादासाठी गाडी पाठवली. त्या राबिनसाहेबाचा स्मृतिदिन हाय ना, इथल्या शाळेत सभा हाय, हिंदुस्थानातला राबिन मेणबत्ती लावन म्हणे. दादा जाऊनच नाई राहिला होता. म्हणे माहं वरचं काम कोण करीन? मी म्हटलं, जा ना बे, एक दिवस मी करतो, मेला का मी? नवरीवानी लाजून राहिला होता. त्याच्याजवळ एक शर्ट धड नाई, म्हणून माहा तो नवा निळा घालून धाडला त्याले. संध्याकाळी फोटो येईन, पाहजो. सगळ्या वस्तीले दाखवजो." मी म्हटलं, तुला उंचीचं भेव वाटतं ना रे? तर म्हणाला, "खाली पाहतच नाई ना मी." आणि आम्ही दोघं हसलो. राबिन, त्याला वर कोणी चढवलं नाही. तू नाही, त्या म्हाताऱ्याच्या आडनावानं नाही. भावाचा मान होतो आहे म्हणून तो आपल्या हौसेनं चढला, आणि चढताना हसत होता, ते मी माझ्या कानानं ऐकलं आहे. तू येऊन सांगशील म्हणून मी वर्षभर थांबले. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, मला सगळं माहीत आहे, तेव्हा त्यासाठी तोंड लपवू नको. पेटीसोबत त्याचं सामान आलं त्यात तो निळा शर्ट नव्हता. संध्याकाळचा फोटोही आला नाही. तू तो पुसला नसशील एवढीच माझी आशा आहे. फोनवर पाठवू नको. वर जाशील तेव्हा आकडा अडकव, नीट ओढून पाहा, आणि सुटी घेऊन घरी ये. येताना तो शर्ट अंगावर घालून ये. मला पाहायचा आहे.

तुझीच,
इंदूआत्या